किड्याचं निलंबन

विश्रांतवाडीच्या सुखदेवरावांनी एका समुद्री किड्याला निलंबित केलं आणि आठवड्याच्या आत सन्मानाने परत कामावर घेतलं. असं काही घडलेलं नाही. घरात तसं ठरलं आहे. कोणी विचारलंच, तर हॉलमध्ये मासे आहेत, ते बघावेत.

खाऱ्या पाण्याची ती टाकी त्यांच्या मुलाची, आयुषची. तो कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा आणि पगार झाला की थोडा थोडा समुद्र विकत आणायचा. टाकीचा निळा उजेड पसरला की भिंतीवरचं कॅलेंडरही पाण्याखाली असल्यासारखं डुलायचं. सुखदेवराव खुर्चीत बसत आणि खुर्ची जमिनीपासून चार बोटं वर तरंगू लागे. मग एक नारिंगी मासा लगबगीने काचेशी येई. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाल्यापासून, त्यांना पाहून जागचा उठणारा हा एकच जीव उरला होता.

एका संध्याकाळी वीज गेली. आयुषने टॉर्च मारला, तर दगडाखालून बाटली धुण्याच्या ब्रशसारखा एक लालसर किडा सावकाश बाहेर येत होता. कुठेच वेळेवर पोचायचं नसल्यासारखा. आयुषने त्याला उचलायला हात घातला आणि बोटांत बारीक काटेच काटे घेऊन परत काढला.

वीज आल्यावर त्याने इंटरनेट पाहिलं. अर्धं जग म्हणत होतं, हा किडा झोपलेले मासे खातो. उरलेलं अर्धं म्हणत होतं, छे, तो फक्त उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो.

"म्हणजे नक्की काय?" सुखदेवरावांनी विचारलं.

"फिफ्टी-फिफ्टी, बाबा."

सुखदेवरावांनी नारिंगी माशाकडे पाहिलं. पन्नास टक्के मासा त्यांना नको होता.

मारून टाकू, असं आयुषचं मत पडलं. सुखदेवरावांच्या पत्नी शैलाबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "सकाळी पंचशील म्हणायचं आणि संध्याकाळी जीव घ्यायचा, हे माझ्या घरात चालणार नाही."

"मग चौकशी होईपर्यंत निलंबन," सुखदेवराव म्हणाले. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

चिमट्याने धरून किड्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, टाकीच्याच पाण्यात ठेवलं. हवेची नळी दिली. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो, म्हणून रोज अर्धी चिमूट खाणंही मंजूर झालं. किडा बरणीत गोल गोल फिरत राहिला, अगदी निर्दोष माणसासारखा.

इकडे टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. नारिंगी मासा वर येऊन धापा टाकू लागला. सुखदेवराव बसले तरी तो फिरकेना. खुर्ची तरंगेना.

त्यांनी जबाब घेतले. आयुष बस पकडण्याआधी माशांना खायला घालत होता. शैलाबाई प्रत्येक जेवणाला घालत होत्या. "अहो, आपण जेवायचं आणि त्यांनी काचेतून नुसतं बघायचं?" दुपारी आणि संध्याकाळी कोण घालत होतं, हा जबाब सुखदेवरावांनी स्वतःचाच घेतला. मासा त्यांना पाहून का उठत होता, तेही त्यात निघालं. तेवढा भाग त्यांनी गाळला.

तिघांनी घातलेल्यातलं उरलेलं तो किडा एकटा निमूटपणे उपसत होता. आणि त्यालाच लोणच्याच्या बरणीत घातलं होतं.

बादल्या भरभरून पाणी बदललं. किड्याला बरणीतून अलगद टाकीत सोडलं. तो मागे वळूनही न पाहता दगडाखाली रुजू झाला. पाणी निवळलं, मासा काचेशी आला आणि खुर्ची पुन्हा हलकेच जमीन सोडू लागली.

त्याच संध्याकाळी सुखदेवरावांनी काचेवर कागद चिकटवला. शैलाबाईंनी माशांच्या खाण्याचा डबा हातात घेऊन तो कागद नीट वाचला, "छान लिहिलंय हो," म्हणाल्या आणि चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं. कागदावर होतं:

"प्रति, कुटुंबातील सर्व संबंधित. सदर किडा हा एकमेव कर्मचारी असून त्याच्यावर कामाचा अतिरिक्त बोजा पडत आहे. सबब यापुढे माशांना 'एवढंसंच' या सबबीखालीही काही घालू नये. घालणे अपरिहार्य असल्यास किड्याची लेखी पूर्वसंमती घ्यावी, ही नम्र विनंती."