बांगड्या होता होता वाचलेल्या चित्रपटाची बखर

श्री सप्तसूर समर्थ, पडदा प्रसन्न. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सरे, फाल्गुन मासी, होळीची राख निवली न निवली तोच या राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ असेल ते चवीपुरतेच.

ते समयी राज्याच्या बँडखान्याचे मुख्य हिंदुराव वाजंत्री हे होते. क्लॅरिनेट ऐसे वाजवीत की वरातीचे घोडे कान टवकारीत आणि नवरदेव लगाम घट्ट धरीत. परंतु मर्जी विलक्षण. जे गाणे जगाने डोक्यावर घेतले त्याकडे हिंदुराव ढुंकून पाहत नसत, आणि जे कोणी कानाआड केले ते उचलून उराशी धरीत. उंदरांच्या औषधाच्या जाहिरातीची एक तबकडी त्यांचे संग्रही होती, ती नित्य अंघोळ करून ऐकीत आणि म्हणत, "असा निषाद लावणारा बाप्या पुन्हा जन्माला आला नाही." सर्कशीत सिंहास मांस घालतेवेळी जी चाल वाजते तीही मुखोद्गत. आणि या सर्वांचा शिरोमणी म्हणजे 'नागकन्या विरुद्ध नायब तहसीलदार' नामे चित्रपट. हा चित्रपट लागला त्याच आठवड्यात उतरला आणि करणाराने पुढे गुऱ्हाळ घातले. परंतु हिंदुरावांनी बाळपणी जत्रेतल्या तंबूत तो एकदाच पाहिला आणि मग जन्मभर ते वेड उतरले नाही. त्यात नायब तहसीलदाराच्या अंत्ययात्रेस बुलबुलतरंग आणि ताशा यांवर जी चाल वाजते, तीच हिंदुराव लग्नात नवरी बोहल्यावर येतेवेळी वाजवीत. नवरीकडील मंडळी हमसून हमसून रडत आणि म्हणत, "मास्तर, काय काळीज पिळवटलंत!"

ऐसे असता कारभारी विसाजीपंत यांणी हुकूम केला की, गोदामात जुन्या चित्रपटांचे डबे धूळ खात पडले आहेत, त्या फिती कासारास द्याव्या, त्याने वितळवून बांगड्या कराव्या आणि रंगपंचमीस राणीसरकारांच्या हातून गावच्या बायकांस वाटाव्या. आपला चित्रपट त्या डब्यांत आहे आणि दुसरी प्रत पृथ्वीवर नाही हे हिंदुरावांस कळले मात्र, ते बगलेत क्लॅरिनेट मारून तडक दरबारात शिरले आणि मुजरा करावयाचेही विसरले. म्हणाले, "सरकार, बाकीच्यांच्या बांगड्या करा, पाटल्या करा, तोडे करा. पण ही एक फीत नको!"

सरकार पान खात होते. "एवढं काय आहे रे तीत?"

"सरकार, पहिल्याच दृश्यात नायक मरतो. मग कचेरीत हजर होतो. मग नागकन्येशी लग्न करतो, आणि मग तिला पहिल्यांदा भेटतो! असली छाती कुठल्या दिग्दर्शकाची आहे, सांगा. हा चित्रपट लागला की राजा असो की हुजऱ्या, जागचा हलायचा नाही. हलला तर मी क्लॅरिनेट सोडून झांजा धरीन!"

कारभारी मिशीत हसले. सरकारांस मौज वाटली. म्हणाले, "बरं. उद्या आम्ही बघतो. शेवटपर्यंत बसलो तर फीत तुझी. मधेच उठलो तर कासाराची. आणि झांजा घासून ठेव."

मग दुसरे दिवशी दुपारी रिकाम्या हत्तीखान्यात पडदा बांधिला, झरोक्यांस जाजमे लाविली आणि जुने तंबूवाले दस्तगीरभाई यांचे मशीन आणविले. सरकार आले, राणीसरकार आल्या, मानकरी आले. दारापाशी कासार तराजू आणि गोणपाट घेऊन बसला, कारण कारभाऱ्यांनी त्यास सांगितले होते की फार वेळ लागणार नाही. हिंदुरावांचा बँड सलामी देऊन भिंतीकडेला उभा राहिला आणि खेळ सुरू जाहला.

पडद्यावर नायब तहसीलदार दाढी करीत होते. हिंदुरावांनी शेजारच्या मानकऱ्यास कोपर मारून म्हटले, "आता बघा, मरतो." नायब तहसीलदार मेले नाहीत. त्यांनी दाढी पुरी केली, तुरटी फिरविली, सामानाची यादी वाचली आणि मग आईच्या पाया पडून बराच वेळ पडूनच राहिले. "आता मरतो," हिंदुराव म्हणाले. नायब तहसीलदार उठून जेवावयास बसले. मग एक मानकरी तंबाखू थुंकावयास गेला तो आला नाही, आणि दुसरा त्यास शोधावयास गेला तोही आला नाही, आणि मग हुजरे दोघादोघांनी जाऊ लागले. राणीसरकारांनी मान वळवून कासारास विचारिले, "हिरव्या होतील ना रे?" सरकारांनी जांभई दिली, ती पाहून कारभाऱ्यांनीही अदबीने दिली. आणि सरकारांचा एक पाय चाचपडत चाचपडत जोड्यात गेला.

ते पाहून हिंदुरावांनी क्लॅरिनेट बगलेत मारिले. ते वाकून वाकून मशीनपाशी गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "दस्तगीरभाई, हा तो चित्रपट नव्हे! आधी मरायला पाहिजे तो!"

"काय बोलता मास्तर? नंबरानं लावलाय. एकानंतर दोन, दोनानंतर तीन. मरंल की सवडीनं."

"मी पाहिला तेव्हा आधी मेला होता! माळावरच्या जत्रेत, दोन तंबू ठोकले होते तेव्हा!"

दस्तगीरभाईंनी दोन्ही कान पकडिले. "या अल्ला. त्या तंबूत तुम्ही होता? मशीनवर मी होतो मास्तर. फीत एक नि तंबू दोन. तिकडं डबा संपला की सायकलवरनं इकडं यायचा. त्या दिवशी सायकलवाला भजी खायला बसला, तिकडचा खेळ सगळा आटपला, नि मग बेट्यानं सगळे डबे एकदम आणून आदळले. पब्लिक दगड मारत होतं. हाताला लागंल तो डबा लावला."

हिंदुराव एका डब्यावर टेकले. "म्हणजे जन्मभर ज्या दिग्दर्शकाला मी हात जोडले, तो..."

"सायकलवाला होता, मास्तर."

 हिंदुरावांच्या डोळ्यांपुढे ती अंत्ययात्रा आली आणि भजी तळणारी कढईही आली. मग एकाएकी त्यांनी विचारिले, "त्या दिवशी कोणी उठलं होतं का?"

दस्तगीरभाईंनी आठवून पाहिले. "उठलं नव्हतं बगा. मालक मला खुंटीला बांधून हाणत होता तर पब्लिकच सोडवायला आलं. म्हणालं, मारू नका ह्याला, झ्याक दाखवला."

"मग तस्साच लावा."

"ते व्हायचं नाही. त्या दिवसापासनं नंबर चुकवला नाही मी. शपथ हाय."

"नंबर मी चुकवतो. तुम्ही भिंतीकडं तोंड करा नि हात तेवढा मागं धरा."

दस्तगीरभाईंनी थोडका विचार केला आणि भिंतीकडे तोंड केले. हिंदुरावांनी शेवटचा डबा त्यांच्या हातात दिला. सरकार दुसरा जोडा पायाने ओढीत होते, इतक्यात पडद्यावर तिरडी उठली. परंतु तो डबा बहुत जुना, चित्र स्वच्छ आणि आवाज म्हणाल तर नुसती खरखर. तेव्हा हिंदुरावांनी क्लॅरिनेट ओठांस लाविले आणि जी चाल शंभर लग्नांस रडवून गेली ती जिथली तिथे वाजविली, आणि ताशेवाल्याने खूण ओळखून हात टाकिला. हत्तीखाना घुमला.

"अरे! मेला?" सरकार ओरडले.

राणीसरकार म्हणाल्या, "अगंबाई, आत्ता तर जेवत होता!"

मग पुढचा डबा लागला आणि त्यात मयत नायब तहसीलदार छत्री झटकीत कचेरीत आले, हजेरीपटावर सही केली आणि कामास बसले. त्याबरोबर कारभारी विसाजीपंत ताडकन उभे राहिले. हिंदुरावांस वाटले, संपले. तो पाहतात तर पंतांचे डोळे पाण्याने भरलेले. पंत म्हणाले, "सरकार, मेल्यावरही रजा न घेणारा चाकर! आपल्या कचेरीत जिवंत आहेत ते येत नाहीत. या फितीस हात लावाल तर माझ्या गळ्याची आण!"

"खाली बसा पंत, दिसत नाही," सरकार म्हणाले आणि एक पाय जोड्यात, एक बाहेर, ऐसे शेवटपर्यंत बसून राहिले. बाहेर गेलेले मानकरी परत आले, जागा न मिळाल्याने हत्तीच्या गव्हाणीत बसले. मेलेल्याचे लग्न जाहले, मग नागकन्येची ओळख जाहली, मग भांडण जाहले, आणि सरतेशेवटी नायब तहसीलदार ट्रंक घेऊन एसटीत चढले आणि खिडकीतून हसले, जणू सर्व काही अजून व्हावयाचेच आहे. हिंदुराव बाळपणी त्या जागी रडले होते तैसेच पुन्हा रडले. कोणी केले आणि कोणाच्या चुकीने केले, याचा विचार त्यांणी तिथेच सोडिला.

कासार म्हणाला, "मग मी काय करू?" राणीसरकार म्हणाल्या, "काचेच्याच भर रे. पण त्या नागकन्येच्या हातात होत्या तसल्या."

सारांश, फीत राहिली. गोदामातले बाकीचे डबेही हिंदुरावांनी पाहिल्याखेरीज कासाराने उचलू नयेत ऐसी ताकीद जाहली. हल्ली लोक उंदरांच्या औषधाची तबकडी ऐकावयास हिंदुरावांच्या घरी येतात आणि निषाद आला की मान डोलावितात. रंगपंचमीस चित्रपट पुन्हा दाखविला. त्यात एक डबा दस्तगीरभाईंच्या हातून उलटा लागला आणि माणसे डोकी खाली पाय वर चालू लागली. हीही कलाच असावी ऐसे समजोन सरकारांनी डबा संपेपर्यंत मान वाकडी करून पाहिले. मान तशीच राहिली आहे. वैद्य तेल लावून गेले.