अननसाचं शीर्षासन

"त्यात काय एवढं! डबा उघडायचा, बशीत ओतायचा, संपलं!"

हे वाक्य तोफेने इतक्या जोरात डागलं की खालच्या मजल्यावरच्या काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तोफ नववीत. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत. बाकी घरात, जिन्यात, गच्चीवर ती तोफच! आणि गेल्या महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर ती दारूगोळ्यासकट तोफ झाली होती.

आई चपला शोधत म्हणाली, "ओरडू नकोस. आत्या सहाला येईल. तिला अननस आवडतो. डबा उघड, गार कर, नीट वाढ. मी आणि बाबा दुकानातलं रंगकाम आवरलं की येतोच."

"आणि शिबिराचं?"

शाळेचं डोंगरावरचं शिबिर! तंबू, शेकोटी, दोरावरून नदी ओलांडायची! सगळ्या मैत्रिणींच्या बॅगा भरून तयार होत्या आणि ही अजून परवानगीसाठी लटकलेली.

"आत्या म्हणाली पोरगी शहाणी झाली, तर जा. नाही म्हणाली, तर बस घरी."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आयुष्यभर मुख्याध्यापिका होती. तिने नुसतं 'हं' केलं तरी बाबा आजही खिशातले हात बाहेर काढतात.

आई गेली आणि तोफ स्वयंपाकघरात घुसली. आता या स्वयंपाकघराबद्दल एक सांगायलाच हवं. तिथे सगळं पालथं असायचं. पेले पालथे, पातेली पालथी, बरण्यासुद्धा झाकणावर उभ्या! का? तर धूळ बसते. बाबांचा माहेरचा, चुकले, त्यांच्या लहानपणापासूनचा नियम! त्यामुळे फळीवरच्या डब्यावर छापलेला अननस शीर्षासन करत होता, तरी तोफेला त्यात काही वावगं वाटलं नाही. या घरात सगळ्यांना उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचता यायची.

तिने डबा जसा होता तसा उचलला, ओट्यावर ठेवला आणि ओपनरसाठी खण उघडला. ओपनर नाही! तिने बाबांना फोन लावला.

"ओपनर ना? आहे की माझ्याकडे!" बाबा घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू ते खोलल्याशिवाय राहत नाहीत. "जरा तेलपाणी करायला आणला होता. सगळा जुळवला, पण एक स्क्रू उरतोय."

"मग मी डबा कशाने उघडू?"

"डोक्याने!" बाबा हसले आणि फोन ठेवला.

तोफेने डोकं चालवलं. चमच्याने कड घासली की पत्रा फाटतो, असं तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. तिने घासलं. घास घास घासलं! चमचा प्रश्नचिन्हासारखा वाकला. मग सुरी घेतली. सुरीचं टोक टुणकन उडालं ते थेट परातीतल्या पिठात गेलं. डब्यावर साधा ओरखडा नाही! घड्याळात पावणेसहा झालेले.

"उघड मेल्या!" तोफेने लाटणं उगारलं आणि डब्यावर दणादण हाणायला सुरुवात केली.

खालचे काका धावत वर आले. "काय गं, भिंत पाडतेस की काय?"

"काका, अननस!"

"अननस भिंतीत आहे?"

तिने डबा दाखवला. काका आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्यांच्या बाह्या आपोआप वर सरकत. चष्मा खाली टीव्हीवर राहिला होता, पण हातोडा आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र ते एका मिनिटात घेऊन आले.

"तू धर. मी मारतो."

"काका, तुम्हाला नीट दिसतंय ना?"

"इंजिनं उघडलीत मी, इंजिनं! हा तर चिमुकला डबा!"

तोफेने डोळे मिटले. ठाण्! स्क्रू ड्रायव्हर पत्र्याच्या आरपार गेला आणि रसाची अशी चिळकांडी उडाली की विचारू नका! ती सरळ छताकडे गेली. छताला पंखा. पंखा पाचवर! पंख्याने तो रस इतक्या निष्पक्षपणे वाटला, की कोपरान् कोपरा सुगंधी झाला. काकांचं टक्कल चमकलं. आणि नेमक्या त्याच क्षणी, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, आत्या दारात उभी!

पंख्याने तिचाही वाटा तिला दिला.

आत्याच्या चष्म्याच्या काचेवरून एक थेंब सावकाश घरंगळला. तोफेच्या डोळ्यांपुढून तंबू, शेकोटी आणि दोर भराभर निघून गेले.

आत्याने ओठ चाटले. "हं. गोड आहे." मग पर्स खुर्चीवर फेकली. "बाजूला व्हा! एक डबा उघडता येईना दोघांना? फडकं आण. ओलं! असं खाली ठेवायचं, म्हणजे डबा सरकत नाही. मारा हो तुम्ही!"

"ताई, कुठे मारू?"

"पहिल्याच्या शेजारी!"

ठाण्! ठाण्! आता तीन भोकं झाली. पण अननसाच्या चकत्या भोकापेक्षा चांगल्या दांडग्या! आत्याने अंबाड्यातला आकडा काढला, भोकात घातला, जीभ बाहेर काढून बराच वेळ मासेमारी केली आणि अखेर एक दोऱ्याएवढा धागा ओढून वर आणला.

"आला!" तोफ किंचाळली.

"आला!" काका ओरडले.

"ओरडताय काय, बशी आणा!" आत्याचा अंबाडा सुटला होता, गाल लाल झाले होते.

तेवढ्यात आई-बाबा आले. छतावरून थेंब ठिबकताहेत, आणि तीन डोकी एका डब्यावर वाकलेली! आईने डबा उचलला आणि उलटा केला. तीन भोकांतला उरलासुरला रस तिच्या पायांवर सांडला.

आणि वर एक चकचकीत कडी होती. ओढून उघडायची!

टक्! फर्रर्र! झाकण निघालं.

काकांनी हातोडा हळूच पाठीमागे लपवला.

"म्हणजे," आत्या खाकरली, "डबे उलटे ठेवायची ही कुठली अवदसा?"

"तुमचीच की, ताई," आई पाय पुसत म्हणाली. "पेला उताणा दिसला की यांना लहानपणी धपाटे कोण घालायचं?"

बाबांनी घाईघाईने खिशातले हात बाहेर काढले. एका हातात ओपनर होता, दुसऱ्यात उरलेला स्क्रू.

आत्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरीला शिबिराला पाठवा."

"म्हणजे मी शहाणी झाले?" तोफ उडालीच!

"छे! पण या घरात राहून होणार नाहीस, एवढं मला आज कळलं."

मग पाचही जणांनी भोकं पडलेल्या चकत्या मिटक्या मारत खाल्ल्या. खाऊन झाल्यावर आत्याने तो रिकामा, चाळणी झालेला डबा स्वतःच्या हाताने धुतला, पुसला आणि फळीवर ठेवला.

अर्थातच, पालथा!