तन्वीची तुळा आणि मस्कतची खुर्ची

“अख्ख्या मालवण तालुक्यात पोरीला नियमाने गाडीत बसवणारा बाप एकच, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे!”

देवबागला निकेत तांडेलच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे वाक्य चहाच्या आधी मिळायचं. चहा मागून यायचा, कधीकधी गारही असायचा. पण निकेत खोटं बोलत नव्हता. त्याची बहीण वर्षाली मस्कतला. तिने दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी गाडीत बसवायची खास खुर्ची धाडली होती. पट्टे काय, कुलूप काय, मऊ गादी काय! गावातली बाकीची पोरं कुणाच्या तरी मांडीवर बसून, स्टिअरिंग फिरवत बाजारात जायची. निकेतची तन्वी मात्र मागे पट्ट्यांत करकचून बांधलेली, चंद्रावर निघाल्यासारखी!

दोन हजार नऊच्या मे महिन्यात वर्षालीचा फोन आला.

“दादा, शुक्रवारी निघतंय. तन्वी चार वर्षांची झाली. तिका मोठी सीट होयी काय रे? जुनी सीट अठरा किलोपर्यंतच चलता, तेच्या वर गेली आसात तर हाडतंय.”

“बघून सांगतंय.”

“अंदाजान सांगू नको हां! ल्हान पोराक मोठी सीट घातली तर पट्टो गळ्याक येता. आणि ती सीट घेतलंय तर माझ्या बॅगेत दुसरां काय एक मावाचा नाय.”

“अगो, अंदाज आणि मी? शास्त्रोक्त मोजून सांगतंय!”

फोन ठेवल्यावर निकेतला आठवलं की घरात आई आहे.

आनंदीबाईंनी तीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकले होते. पापलेटं विकून त्यांनी घर बांधलं, बोलण्याने ते ताब्यात ठेवलं. घरचे कायदे त्याच करत, आणि त्यातला पहिला कायदा हा की पोराचं वजन करायचं नाही. दृष्ट लागते! गेल्या वर्षी अंगणवाडीच्या बाईंनी तन्वीला काट्यावर बसवून आकडा चारचौघांत मोठ्याने वाचला, आणि संध्याकाळी पोरीला ताप भरला. तेव्हापासून वजनाच्या दिवशी आनंदीबाई स्वतः अंगणवाडीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या.

“मासे तोलतत, पोराक न्हय!” असं त्या बाईंना सुनावून आल्या होत्या.

निकेतची बायको प्रियांका म्हणाली, “ओ, गपचूप खंयतरी तोलून हाडा.”

निकेतने तन्वीला फिरायला म्हणून बर्फाच्या कारखान्यात नेलं. तिथे माशांच्या क्रेट तोलायचा मोठा काटा होता. क्रेट उचलून त्याने पोरीला उभं केलं खरं, पण काट्याची सुई आठ किलोवर अडकली ती अडकलीच. तन्वी उतरली तरी आठ. निकेत स्वतः चढला तरी आठ! घरी येताच तन्वीने अंगणातूनच आरोळी ठोकली.

“आजी गो, बाबान माका सुरमयसारख्या तोलल्यान!”

मीठमिरच्या निघाल्या. तन्वीवरून ओवाळल्या, आणि सावधगिरी म्हणून निकेतवरूनही. ठसका इतका लागला की खोलीतले पाहुणे टॉवेल गुंडाळून बाहेर पळाले. आनंदीबाई दिवसभर मुलाशी बोलल्या नाहीत. शुक्रवार तीन दिवसांवर आला होता, आणि शास्त्रोक्त बापाकडे अजून आकडा नव्हता.

बुधवारी सकाळी दात घासता घासता निकेतला ती युक्ती सुचली. तुळा! देवळात पोराला पारड्यात बसवून नारळांनी तोलतात. तेही वजनच की!

“आये,” तो गहिवरल्याचा आवाज काढून म्हणाला, “तन्वीची तुळा करूया गो. नवसाची.”

आनंदीबाईंच्या हातातली कोयती खाली आली. ज्या मुलाला जत्रेला न्यायला दरवर्षी तीन हाका माराव्या लागत, तो आपणहून तुळा म्हणतोय! त्यांना रडूच कोसळलं.

“देवान माझ्या झिलाक बुद्धी दिल्यान!”

“पण आये, तेच्यात वजन होता...”

“तां देवाचा वजन, मेल्या. देवाची खंय दृष्ट लागता?”

कायद्यातली पळवाट कायदा करणाऱ्यानेच दाखवली! निकेत हवेत तरंगतच किराणा दुकानात गेला. चाळीस नारळ घेतले. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक नारळ तोलून, काळ्या पेनाने त्याचं वजन त्याच्यावर लिहिलं. ६२०, ५९५, ६४०. पारड्यात गेलेल्या नारळांची बेरीज केली की झालं! आपल्या हुशारीचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्याने त्या आनंदात एक नारळ दोनदा तोलला.

गावाला मात्र काही कळेना. पोरगी धडधाकट, मग अचानक तुळा कशासाठी? दुपारपर्यंत तन्वीला गोव्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरल्याची बातमी खाडीपलीकडे पोचली. शेजारच्या सत्यवतीकाकी डोळ्यांना पदर लावून भेटायला आल्या. तन्वी माडाच्या झावळीवर बसून दुसऱ्या पोरांकडून स्वतःला ओढून घेत होती. “बिचारी! तिका काय्येक म्हायती नाय,” असं म्हणून काकी आणखी रडल्या.

गुरुवारी देवळात ही गर्दी! दोघेजण तर नारळांवरचे आकडे तळहातावर उतरवून घेत होते. निकेतला मटक्याचा आकडा देवाने स्वप्नात दिला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तन्वी एका पारड्यात बसली. पुजारी भाई गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

“निकेत, हात जोड. डोळे मिट. गाऱ्हाणां होयसर उघडूचे नाय!”

“पण नारळ...”

“नारळ मी घालतंय रे,” आनंदीबाई म्हणाल्या. “तू गप देवाचा नाव घे.”

निकेतने डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! ह्यो निकेत तांडेल आपल्या चेडवाची तुळा तुझ्या पायाशी घालता, ती मान्य कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ गरजलं.

“तेच्या गाडयेची, गाडयेतल्या खुर्चीची, खुर्चीच्या पट्ट्याची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

भाईंनी मग होडी, जाळी, दोन खोल्या, खोल्यांतले पाहुणे, मस्कत आणि मस्कतचं विमान, सगळं देवाच्या कानावर घातलं. निकेतला मध्ये मध्ये नारळ ठेवल्याचे आवाज ऐकू येत होते. त्याने डोळे उघडले तेव्हा देवाचं पारडं जमिनीला टेकलं होतं आणि तन्वी वर झोके घेत खिदळत होती. निकेतने घाईघाईने वही काढली, नारळ मोजले, बेरीज केली. चौतीस नारळ. एकवीस किलो, एकशे चाळीस ग्रॅम!

देवळाच्या पायरीवरूनच त्याने फोन लावला. “वर्षाली, मोठी सीट हाड! एकविसाच्या वर गेली. ग्रॅमात सांगू?”

“एकवीस? बापरे!” वर्षाली म्हणाली. “खायता काय ती?”

शनिवारी दुपारी वर्षाली दारात उतरली, ती भल्या मोठ्या खोक्यामागे. खजूर नाही, अत्तर नाही, प्रियांकाला कबूल केलेला मिक्सरही नाही. सगळं खुर्चीने खाल्लं होतं! निकेतने उत्साहाने ती गाडीत चढवली आणि तन्वीला बसवलं. पट्टा ओढला. तो खांद्यावरून न जाता थेट पोरीच्या कानशिलावरून गेला. तन्वी त्यात घसरून अर्धी दिसेनाशी झाली.

वर्षालीचा चेहरा बदलला. तिने तन्वीला बाहेर काढलं, कडेवर घेतलं आणि एकदा वर उचलून पाहिलं.

“दादा, ही एकवीस किलो?”

तिने पर्समधून विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला. तन्वीला बाजाराच्या पिशवीत बसवलं, पिशवी हुकाला अडकवली आणि दोघांनी मिळून काटा उचलला. तन्वीला हा खेळ फारच आवडला. चौदा किलो!

“वरचे सात किलो खंयसून इले?” वर्षालीने विचारलं.

निकेतने वही पुढे केली. बेरीज अचूक होती.

“आये!” त्याने हाक मारली. “तू पारडां सरळ झाल्यार थांबलंस मां?”

“सरळ?” गाडीतून आनंदीबाईंचा आवाज आला. “देवाचां पारडां जमनीक टेकाक नको? चेडवाक तेवीस नारळ पुरले. मगे एक राखणदाराक, एक दर्याक, एक होडयेक, एक वर्षालीच्या इमानाक... देवाकडे चिकटपणा करूचो नसता!”

निकेतला वही खाडीत फेकाविशी वाटली. ज्या चुकीला तो भीत होता, नेमकी तीच त्याने ग्रॅमपर्यंत मोजून केली होती. पोरीच्या कानाशी आलेला तो पट्टा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. असंच घाटात नेलं असतं तर? त्याने गुपचूप जुनी खुर्ची पुसली, गाडीत दुसऱ्या बाजूला परत बांधली आणि तन्वीला त्यात बसवून पट्टा दोनदा ओढून पाहिला. बरोबर खांद्यावर! त्याचा जीव भांड्यात पडला.

“जाऊंदे,” वर्षाली म्हणाली, “अठरा किलोची झाली की नवीन सीट तिकाच होतली. तवसर माळ्यार ठेव.”

निकेत नवी खुर्ची सोडायला वळला. आनंदीबाई त्यात ऐसपैस बसल्या होत्या, पट्टा लावून. पाठीला उंच टेकण, हाताला दोन्हीकडे आधार. एवढीशी म्हातारी, तिला ती मापून शिवल्यासारखी बसली होती!

“हयसून एका बाजून खाडी दिसता, दुसऱ्या बाजून दर्या,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत माका गाडयेतसून रस्तो कधी दिसलो नव्हतो.”

वर्षालीने पुस्तिका उघडून पाहिलं. पंधरा ते छत्तीस किलो.

“आये, तुझा वजन किती?”

“डॉक्टरांच्या शिबिरात चौतीस भरला. माका म्हाताऱ्येक कोणाची दृष्ट लागतली?”

नियमात बसत होत्या! तरी निकेतने नेट करून सांगितलं, “आये, पण चेडू अठरा किलोचा झाला काय तुका उठूचा लागतला हां.”

आनंदीबाईंनी पट्टा जरा घट्ट केला आणि समोर बघत म्हणाल्या, “उठान मी. पण चेडवाक कोण तोलता तां बघतंय!”