तिगावचा दौरा

माझं बीपी एकदम नॉर्मल आहे, हे मी कोणालाही छातीठोक सांगत होतो. कारण ते आजपर्यंत कोणी मोजलंच नव्हतं. मोजल्याशिवाय वाढलं कसं म्हणाल तुम्ही?

आता छातीठोक म्हणतो खरा, पण मागच्या महिन्यापासून माझी छाती कोणी ठोकलेली मला चालत नाही. काहून, ते सांगतो.

मी गुणवंता, सौंसरच्या एका सरकारी ऑफिसातला मोठा बाबू. यंदा मला बावन्नावं लागलं. आमचे बाबा बावन्नाव्या वर्षीच गेले. मोहगावच्या घरी जेवता जेवता म्हणाले, छातीत दुखून राहिलं. आमच्या घरात छातीत दुखणं म्हणजे गॅस. आईनं ओवा काढला, काका सोडा आणायला धावले, अन् दोन्ही पोचायच्या आत बाबा गेले. तेव्हापासून ओव्याचा वास आला तरी मला धडधडते, अन् बसमध्ये बावन्न नंबरच्या सीटवर मी बसत नाही. उभा राहून जातो.

त्यात वरून आदेश आला. ऑफिसातल्या प्रत्येकाचं बीपी अन् शुगर तपासायचं, शत-प्रतिशत! दवाखान्यातून स्मिता सिस्टर मशीन घेऊन यायच्या. पहिल्या कॅम्पाला मी रामाकोना गावी लग्नाला गेलो, जे लग्न नव्हतंच. दुसऱ्या कॅम्पाला रेकॉर्ड रूममध्ये कपाटामागे दोन तास उभा राहिलो अन् धुळीनं शिंकत शिंकत बाहेर आलो. साहेब मात्र दोन्ही वेळा मीटिंगला होते. मोठ्या माणसाला लपावं लागत नाही, त्याला मीटिंग असते.

तिसऱ्या कॅम्पाच्या आधी सिस्टरनं थेट माझ्या बायकोला, सुचिताला गाठलं. सुचिता मला म्हणाली, "मोजून घ्या न बाप्पा. मोजल्यानं काय माणूस मरते?"

मरत नाही, हे मलाही समजते. पण एकदा आकडा कागदावर चढला की तो आकडा आपला होतो. मग झोपताना तो सोबत झोपतो अन् जेवताना ताटाशी बसतो. मला बाबांचं ताट दिसायचं. मी भेत होतो, सरळ सांगतो.

म्हणून कॅम्पाच्या दिवशी, मंगळवारी सकाळी मी दौरा काढला. सरकारी माणसाजवळ दौऱ्याइतकं पक्कं हत्यार दुसरं नाही. निघालेली बस धावत पकडली अन् धापा टाकत ऑफिसात कुणालला फोन लावला. कुणाल आमचा नवीन कम्प्युटर ऑपरेटर, रीवाकडचा. त्याला मराठीचा 'म' येत नाही, म्हणून मी शुद्ध हिंदीत बोललो, "कुणाल, अचानक दौरा आ गया है. मैं कैंप में नहीं आ पाऊंगा. स्मिता सिस्टर को बता देना."

तो घाबरून म्हणाला, "सर, आप हैं कहां?"

"तिगाव... भैय्याजी के यहां..." एवढं बोलेपर्यंत दम संपला. सिस्टरचा फोन येईल म्हणून मी मोबाईल बंद करून टाकला.

आता आमच्या भागाचं असं आहे, जिभेवर मराठी अन् कागदावर हिंदी. आम्हाला दौरा म्हटलं की जीप दिसते अन् रजिस्टर दिसते. पण कुणालच्या हिंदीत माणूस दौऱ्यावर गेला तर ठीक. दौराच माणसाला आला, तर तो हृदयाचा, म्हणजे अटॅक! हे व्याकरण मला कोणी शिकवलं नव्हतं.

भैय्याजी म्हणजे सुचिताचे मोठे भाऊ. तिगाव स्टेशनपासून जवळच त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. जावई आला म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं, अमितावहिनीनं, भज्यांची कढई चढवली. सासरी नाही म्हणणं म्हणजे अपमान. मी तीन प्लेटा भजे, वरून लोणचं अन् दोन कप चहा घेऊन कोणाचा अपमान होऊ दिला नाही. मग संत्र्याच्या सावलीत खाटेवर जो पसरलो, तो मेल्यासारखा झोपलो.

इकडे सौंसरला कुणालनं सिस्टरला सांगितलं, सिस्टरनं सुचिताला. साहेबांनी मीटिंगमधूनच अॅम्ब्युलन्स काढायला लावली. सुचितानं वाटेतून भावाला फोन केला, यांना दौरा आला म्हणे, कसे आहेत? भैय्याजी म्हणाले, झोपून आहेत. तिनं विचारलं, हलून राहिले का? भैय्याजींनी लांबून पाहिलं. मी हलत नव्हतो.

मला जाग आली ती चपलेच्या वासानं. अमितावहिनीच्या माहेरी दौरा म्हणजे मिरगी, फेफरं, म्हणून त्यांनी माझ्या नाकाला चप्पल लावली होती. अन् छातीवर भैय्याजी! वजन एक क्विंटल. खाटेवर मोबाईल उभा करून, व्हिडिओ पाहून पाहून ते मला दाबत होते अन् मोठ्यानं मोजत होते. मी ओरडलो, "अहो, छातीत दुखून राहिलं!"

"दुखूनच राहिलं म्हणते, अमिता!" भैय्याजी रडायला लागले अन् रडता रडता आणखी जोरानं दाबायला लागले. मी त्यांचा हात धरला. तर म्हणतात, "बोलू नका जावईबापू, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सोडू नका म्हणते व्हिडिओत."

तेवढ्यात वहिनी घराकडे धावल्या. जाता जाता म्हणाल्या, "थांबा, मी ओवा आणते."

ओवा! झालं. तो शब्द ऐकला अन् माझे हातपाय थंड पडले. कपाळावर घाम आला. डावा हात जड वाटायला लागला, मग उजवाही. मला काही झालं नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं, अन् आता मलाही ते खरं वाटेना. बावन्न, बावन्न, एवढंच डोक्यात वाजत होतं. आता आपलंही ताट अर्धं राहणार, असं मला खरंच वाटलं.

अॅम्ब्युलन्स आली. सुचिता उतरली, एका पायात तिची चप्पल अन् दुसऱ्यात माझी. ती माझा हात धरून बसली. स्मिता सिस्टरनं दुसऱ्या हाताला पट्टा गुंडाळला. मी म्हणालो, सिस्टर, ते नको. तिसऱ्या खेपेला हाती लागलेला माणूस सिस्टर कशाला सोडतात! पट्टा आवळला, सैल झाला, अन् सिस्टरचा चेहरा उतरला. एकशे ऐंशी अन् एकशे दहा.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात ईसीजीच्या पट्ट्या निघाल्या, रक्त गेलं, दोन तासांनी पुन्हा पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, "अटॅक नाही. बरगडीला मुका मार आहे. पण हे बीपी आजच्या भीतीचं नाही, बरेच दिवसांचं दिसते. असंच लपत राहिले असते, तर खरा दौरा तुम्हाला शोधत आला असता." मीठ कमी, लोणचं बंद, रोज चालणं, रोज गोळी.

अटॅक नाही ऐकल्यावर मला हसूच सुटलं. हसताना बरगडी दुखत होती तरी मी सुचिताला सगळं सांगून टाकलं, माझा दौरा कोणता अन् कुणालचा कोणता.

ती हसली नाही. म्हणाली, "तुमचा दौरा खोटा होता. मी मात्र सौंसरपासून तिगावपर्यंत खरीखुरी विधवा होऊन आली."

मी गुपचूप गोळी गिळली. तेव्हापासून एकही दिवस चुकवली नाही.

आठ दिवसांनी ऑफिसात गेलो, तर टेबलावर हिंदीत नोटीस. तिगावचा दौरा मंजूर नव्हता, लेखी खुलासा द्या. आता आली का पंचाईत! जीपचा दौरा म्हणावं तर रजिस्टर खोटं पाडते, हृदयाचा म्हणावं तर डॉक्टरची पट्टी खोटं पाडते. दोन्हीकडून मी खोटाच. शेवटी एक ओळ लिहिली, "महोदय, दौरा कोई भी नहीं था, मशीन का डर था," अन् कागद साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. घडी करून खिशात घातला. उठून केबिनचं दार लावलं अन् हळूच विचारलं, "गुणवंता बाबू, बहुत जोर से दबाती है क्या?"

मी बरगडीवर हात ठेवून म्हणालो, "नहीं साहब, मशीन कुछ नहीं दबाती. साला दबाता है."

साहेब लालबुंद झाले. अहो, हिंदीत ती शिवीही होते, हे मला केबिनबाहेर काढल्यावर आठवलं. मी तं भैय्याजींचं नातं सांगत होतो.