परतल्याचा फोटो

"तिथली जॅकेटं बुडू नये म्हणून नसतात वं, फोटोसाठी असतात," असं सक्करदऱ्यातल्या आमच्या शेजारीण यमुताईंनी सांगितलं होतं. मी हसले. मी एम.एस्सी. आहे, पाण्याच्या बाबतीत माझा विश्वास शेजारणींवर नाही, नियमावर असतो.

रामटेकच्या अलीकडे एका तलावावर 'सुरक्षित कौटुंबिक नौकानयन' नावाचा उपक्रम सुरू झाला आहे. शिडाच्या होड्या आहेत. रविवारी आम्ही गेलो: मी, माझा नवरा ऋषिकेश, आमची चार वर्षांची गार्गी आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे मनोहरराव. ते आयुष्यभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि निवृत्तीनंतर घरात त्याच पदावर आहेत.

काठावर पर्यवेक्षक भैयाजींनी आम्हाला नारिंगी जॅकेटं चढवली. गार्गीचा पट्टा मी पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. फोटो निघाला, उपक्रमाच्या पोर्टलवर चढला, आणि भैयाजी जॅकेटं उतरवू लागले.

"अहो, काहून काढून राहिले?"

"मागची फॅमिली उभी आहे ना मॅडम. त्यायचा फोटो व्हायचा आहे."

"आणि आम्ही बुडालो तर?"

"कसे बुडाल? फोटोत जॅकेट घालून आहे तुम्ही. आता परतल्याचा फोटो. हसा."

"आम्ही अजून गेलोच नाही!"

"संध्याकाळी पोर्टल लय हळू चालते. म्हणून परतल्याचा आधीच घेऊन टाकतो."

मामाजींनी समाधानाने मान हलवली. "बराबर आहे. काम पेंडिंग ठेवू नये."

आम्ही हसलो. फोटो इतका छान आला की मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला. मग म्हटलं, आता जायलाच नको. पण तोवर गार्गी होडीत बसली होती. नावाडी फोटोत आमच्याबरोबर होता. तो जॅकेटांबरोबर मागच्या कुटुंबाकडे गेला. मी घरून आणलेल्या सगळ्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, ऋषिकेश आणि मामाजींना बळेच खाऊ घातल्या आणि रिकामा डबा, झाकण घट्ट लावून, जॅकेटऐवजी ओढणीने गार्गीच्या पाठीला बांधला.

शीड कसं धरतात याचा व्हिडिओ ऋषिकेशने मोबाईलवर लावला. व्हिडिओत वारा होता. इथला वारा तलावाच्या मध्यावर पडला आणि होडीच्या तळाशी पाणी दिसू लागलं.

मी भैयाजींना फोन केला.

"मॅडम, तुम्ही तं सुखरूप परतल्या. माह्या समोर हसून राहिल्या ना!"

"स्क्रीनकडे काय बघता? तलावाकडे बघा!"

"तलाव पोर्टलवर नाही ना मॅडम. अन् परतलेल्या माणसाले वाचवाले होडी काढली तं मलेच नोटीस येईन."

मी नणंदेला, वंदनाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काय गोड फोटो आला वं! आराम करा आता, थकले असाल."

शेवटी ऋषिकेश आणि मी हातांनी पाणी मारत होडी पलीकडच्या गवतापर्यंत नेली. गार्गीला कडेवर घेऊन मी उतरले, मागोमाग ऋषिकेश. मामाजी बसूनच.

"बाबा, उतरा ना!" ऋषिकेश म्हणाला.

"मी एकदा परतलो आहे गा. पुन्हा परतलो तर एका जाण्यावर दोन परतणी होतात. आधी दुरुस्तीचा आदेश आण, मग उतरतो."

तेवढ्यात वारा आला आणि होडी मामाजींना घेऊन निघाली.

भैयाजींचं म्हणणं आहे की त्या होडीत कोणी नाही, कारण ती होडी काठाला लागलेली आहे. मामाजींचं म्हणणं त्यांच्यासारखंच आहे, फक्त ते मध्यावरून ओरडून सांगतात. ग्रुपवर त्या फोटोला आजही अंगठे येत आहेत. एक तुमचाही आहे, मी पाहिला.

तेव्हा रामटेककडे जाणं झालं तर काठावर जरा थांबा आणि मामाजींना एक हाक मारा. हसताना दिसले, तर तो फोटो असेल; तलावाकडे आणखी नीट बघा.