वरचा पाव आटा

नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल मेकॅनिकसाहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. तळमजल्यावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "सातवा मजला. दाराचं वरचं चाक!" आणि वरचं चाकच निघायचं!

दुसरा अभिमान घट्टपणाचा. त्यांनी आवळलेला नट आजवर कधी सुटला नव्हता. बाकीचे जिथे आवळून थांबतात, तिथे हे पान्याने वर आणखी पाव आटा द्यायचे. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'पाव आटा' म्हणत. घरात साखरेची बरणी त्यांनी बंद केली की पुढचे दोन दिवस सगळे बिनसाखरेचा चहा प्यायचे.

अशा माणसाला पोटची पोरगी फोनवर म्हणते, "बाबा, तू काहीही घेऊ नकोस!"

झालं होतं असं, की ही पोरगी ड्रम वाजवते. शनिवारी संध्याकाळी तिच्या बँडचा पहिलावहिला कार्यक्रम. कॉलेजच्या शिबिराला निघायच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की क्रॅश सिंबलला तडा गेलाय. क्रॅश सिंबल म्हणजे ड्रमच्या बाजूला स्टँडवर बसवलेली ती मोठी पितळी थाळी. गाणं ऐन रंगात आलं की हिच्यावर दणका पडतो आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो.

"शुक्रवारी संध्याकाळी मी येते," मुलगी म्हणाली, "शनिवारी सकाळी आपण दोघं दुकानात जाऊ. सिंबल निवडणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, बाबा. कान लागतो."

फोन ठेवला तेव्हा मेकॅनिकसाहेब लालबुंद झाले होते.

"कान लागतो म्हणे! मला सांगते! अगं, या कानांवर तीस वर्षं लोक वरखाली जातायत!"

"ती नको म्हणतेय ना?" बायको म्हणाली. "मग राहू द्या की."

"मुळीच नाही! शुक्रवारी ती दारात पाऊल टाकेल तेव्हा सिंबल स्टँडवर असेल. आणि असा असेल, की ती म्हणेल, बाबा, चुकले!"

बुधवारी ते दुकानात गेले. दुकानदार केसांची शेंडी बांधलेला, मऊ आवाजाचा माणूस. त्याने एकामागून एक सिंबल काठीने वाजवून दाखवले. साहेबांनी डोळे मिटून निकाल दिले. "हा कुरकुरतो. हा सर्दी झाल्यासारखा. हा उगाच मोठेपणा करतो." सातव्याला दुकानदाराने काठी मारली आणि झ्याऽऽऽन असा आवाज उठला, की साहेबांना आपण जन्म लिफ्टमध्ये का घालवला असा प्रश्न पडला.

"हाच!"

घरी आल्याबरोबर त्यांनी तो मुलीच्या खोलीतल्या स्टँडवर चढवला. वरचा फुलपाखरासारखा नट बोटांनी फिरवला, मग खिशातून पाना काढून नेहमीप्रमाणे वर पाव आटा दिला. बायकोला हाक मारली, काठी उचलली आणि दणका दिला.

थप्!

"एवढंच?" बायको म्हणाली.

पुन्हा दणका. पुन्हा थप्! जेवण वाढलेल्या ताटावर पळी आपटल्यासारखा आवाज.

मेकॅनिकसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बदलला! दाखवला एक आणि बांधून दिला दुसरा! दिवसाढवळ्या!"

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते. दुकानदाराने सिंबल हातात घेतला, स्वतःच्या स्टँडवर ठेवला, वाजवला. झ्याऽऽऽन!

"चांगलाय की, साहेब."

"इथे चांगलाय! घरी का नाही? तुमच्या छतात काय बसवलंय?"

"छतात पंखा आहे, साहेब."

"मला दुसरा द्या! आणि या वेळी मी माझी खूण करणार!"

त्यांनी दुसरा निवडला, आतल्या बाजूला पेनाने सही ठोकली, बांधायलाही दिला नाही. उघडाच छातीशी धरून बसमधून घरी आणला. शेजारच्या प्रवाशाने कौतुकाने बोट लावलं, तर त्याच्यावरही खेकसले. घरी आले, सही तपासली. सही त्यांचीच. सिंबल स्टँडवर चढवला, नट आवळला, वर पाव आटा दिला आणि ठणकावला.

थप्!

आता मात्र साहेबांनी थेट दुकानात फोन लावला.

"तुमचा माल रस्त्यातच मरतो!"

"साहेब, एक विचारू? तुम्ही तो स्टँडवर बसवता कसा? म्हणजे वरचा नट..."

"नट?" साहेबांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "मला नट शिकवता? तुम्ही शेंडी बांधायच्या आधीपासून मी नट आवळतोय! माल खराब द्यायचा आणि वर गिऱ्हाइकाच्या हाताला नावं ठेवायची? हल्ली माल बनवतातच असा! तक्रार करीन मी, तक्रार!"

आणि फोन आपटला.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी मुलगी येणार. साहेब रात्रभर विचार करून एका निर्णयाला आले होते. सिंबलमध्ये दोष नाही, खोलीत आहे! पडदे आवाज पितात. त्यांनी पडदे काढले. थप्! गादी काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकली. थप्! कपाट रिकामं केलं, मुलीचे कपडे बाथरूमच्या दारापर्यंत पोचले. थप्, थप्, थप्!

दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर. हे मास्तर दोन वर्षं ड्रमच्या आवाजाविरुद्ध पत्रं लिहीत आलेले. आज त्यांचा चेहरा फुललेला.

"अहो, नवीन आणलात वाटतं! कित्ती सुंदर वाजतो हो! ऐकूच येत नाही! कायम हाच ठेवा, बरं का!"

आणि साहेबांचा हात प्रेमाने दाबून ते खाली गेले. एवढा अपमान साहेबांचा आजवर कुणी केला नव्हता.

ते रिकाम्या खोलीत जमिनीवर मटकन बसले. राग होताच, पण आता भीतीही वाटू लागली होती. उद्या पोरगी स्टेजवर बसणार, पहिल्यांदाच, चारशे लोकांसमोर. ऐन रंगात दणका देणार. आणि आवाज येणार, थप्. लोक हसतील. आणि ते हसणं आपण पोरीच्या पदरात टाकलेलं असेल, ती नको नको म्हणत असताना.

तेवढ्यात बायको साखरेची बरणी घेऊन आत आली. "आधी ही उघडून द्या. पोरगी येईल, तिला चहा..." बोलता बोलता तिची नजर स्टँडवर गेली. मग हातातल्या बरणीवर. मग पुन्हा स्टँडवर.

"अहो, हे तुम्ही आवळलंय?"

"अर्थात! मी नाही तर कोण?"

"पाव आट्यासकट?"

तिने बरणी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरातून आपली सामग्री आणली. रबरी हातमोजा आणि पक्कड. वीस वर्षं नवऱ्याने बंद केलेली झाकणं ती शेवटी याच सामग्रीने उघडत आली होती. नटाला पक्कड लावली, दात-ओठ खाऊन फिरवली. नट कुरकुरला आणि सुटला. सिंबल स्टँडवर डुलायला लागला.

"आता मारा."

"अगं, पण तो हलतोय!"

"हलू दे. मारा."

साहेबांनी घाबरत घाबरत काठी टेकवली.

झ्याऽऽऽऽन!

खिडकीच्या काचा थरथरल्या. खालून मास्तरांनी छताला काठीने ठोकलं. बायको हसत होती. साहेब मात्र हसत नव्हते. एक महिन्यापूर्वी या खोलीत केर काढताना जुना सिंबल असाच डुलताना त्यांना दिसला होता. काहीतरी ढिलं राहिलंय असं वाटून त्यांनी पाना काढला होता. पोरगी बिचारी कानात हेडफोन घालून महिनाभर त्या जखडलेल्या थाळीवर दणके देत राहिली. तडा जाणार नाही तर काय होणार?

"आईशप्पथ!" दारातून आवाज आला. मुलगी खांद्यावर पिशवी घेऊन उभी होती. "बाबा! हा कुणी निवडला?"

"मी," साहेब पुटपुटले.

तिने पिशवी टाकली, धावत येऊन काठी घेतली, दोन-तीन दणके दिले आणि बापाच्या गळ्यातच पडली. "बाबा, चुकले! काय कान आहे रे तुझा!"

हेच शब्द ऐकायला तीन दिवस घालवले होते. पण आता ते घशाखाली उतरेनात.

"आणि बाबा, त्या जुन्याचं काय? तो सहा महिन्यांत तडकतो म्हणजे काय? आत्ताच्या आत्ता जाते त्या दुकानात! अस्सा धरते त्याला! तक्रारच करते!" ती लालबुंद झाली होती, अगदी बापासारखी. चपलाही घातल्या तिने.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"थांब," साहेब म्हणाले. "त्याची चूक नाही. मी... तो हलत होता गं. मी जरा आवळला."

मुलीने नटावरचे पक्कडीचे ओरखडे पाहिले, रिकामं कपाट पाहिलं, आईच्या हातातला रबरी हातमोजा पाहिला. मग तिने हात पुढे केला.

"पाना."

साहेबांनी खिशातून पाना काढून दिला.

"दुसरा."

दुसऱ्या खिशातला छोटाही दिला.

"पायमोज्यातला," बायको म्हणाली.

वाकून तोही दिला. आणि शनिवारी सकाळी लेकीसोबत दुकानात जाऊन शेंडीवाल्यासमोर माफी मागून आले. तो बिचारा म्हणाला, "होतं असं, साहेब. पण एवढं घट्ट कुणाचं होत नाही."

संध्याकाळी कार्यक्रम झाला. काय सांगावं! शेवटच्या गाण्यात पोरीने जो दणका दिला, त्याने सगळा हॉल उभा राहिला. सगळ्यात आधी मेकॅनिकसाहेब. डोळ्यांत पाणी, टाळ्या वाजवून तळहात लाल.

गर्दी पांगली. हॉलचा माणूस घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीशी रचत होता. पहिल्या रांगेतली एक खुर्ची काही मिटेना. त्याने हिसका दिला, गुडघा लावला, आडवी पाडून वर उभा राहिला. खुर्ची ढिम्म.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. आईने नवऱ्याकडे पाहिलं.

"जरा डुगडुगत होती," साहेब म्हणाले, "म्हणून नुसत्या बोटांनीच..." आणि मग मान ताठ करून हॉलच्या माणसावर ओरडले, "हल्ली खुर्च्या बनवतातच अशा!"