महाराजांची खुर्ची जिना चढते

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी कोण उभं आहे? त्यांनाही आत घ्या, जागा होईल. आज एका खुर्चीची गोष्ट ऐकवायची आहे. ऐकताना हसू आलं तर दाबू नका. ज्यांची ती खुर्ची, ते महाराज स्वतः कीर्तनात हसता हसता ठसका लागेपर्यंत हसायचे.

फार वर्षांपूर्वी महाराज दूरदेशी निघाले, तेव्हा आपल्या साध्या लाकडी खुर्चीवर थाप मारून म्हणाले होते, "ही राहू द्या इथंच. येतोच मी." ते आले नाहीत. तिकडेच त्यांचा देह पडला. पण 'येतोच' म्हणाले म्हणजे म्हणाले! इकडच्या भक्तमंडळींनी दर आठवड्याच्या कीर्तनात ती खुर्ची समोर मांडायचा शिरस्ता सोडला नाही. उलट, खुर्ची वाढत गेली. माणूस नसला की त्याच्या वस्तूचे लाड होतात, तसं झालं. गादीवाल्याने तिला टम्म फुगलेली गादी आणि पाठ केली. सुताराने दोन कोरीव हात बसवले, त्यांच्या टोकांना सिंहांची तोंडं. ते सिंह सगळ्यांनाच मांजरांसारखे दिसत, पण सुतारापुढे बोलणार कोण? शिंपीणकाकूंनी वर झालरीचं छत चढवलं. आणि बुवांनी, म्हणजे महाराजांच्या मागे कीर्तनाला उभे राहणाऱ्या आणि त्यामुळे आपोआप म्होरके झालेल्या बुवांनी, या सिंहापासून त्या सिंहापर्यंत लाल दोरी बांधली. कुणी चुकून बसायला नको!

या मंडळींत एक आत्या होत्या. खरं तर आत्या कुणाच्याच नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. माणूस नुसता 'हॅलो' म्हणाला की त्याला रात्री झोप लागली की नाही, हे त्यांना कळायचं. इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत, आणि त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. जिना उतरणं बंद, म्हणजे कीर्तनही बंद.

पण रोज सकाळी त्या एकेकाला फोन लावायच्या. "काय सुतार, आवाज बसलाय? ताप आहे का? थांबा." की लगेच गादीवाल्याला, "अहो, सुतार पडून आहे, जाताना डोकावा." मग काकूंना, "सुताराला जेवण पोचवाल का?" सुतार बरा होई आणि सगळ्यांना सांगत सुटे, "आपली माणसं बघा कशी, न सांगता धावून येतात!" न सांगता कुणी धावत नव्हतं. सांगणारी वरच्या मजल्यावर होती, इतकंच.

कीर्तनाच्या वेळी काकू आपला फोन चालू करून टाळांजवळ ठेवत. आत्या इकडे रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटत. टाळ पत्र्यावर चमचा वाजल्यासारखे येत आणि बुवा विहिरीत पडून गात असल्यासारखे. तरी आत्या ऐकत. एकदा मात्र महाराजांचं स्वतःचं पद लागलं, 'वाट पाहता पाहता, वाटच झाली घर', आणि नेमक्या त्या ओळीवर फोन तुटला. आत्या कितीतरी वेळ रिसीव्हर धरून बसून राहिल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या, पण आपली तुटली तर कुणाला सांगायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुवांना फोन लावला. सगळ्यांची विचारपूस झाली, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "बुवा, एकदा माझ्याकडे करता का हो कीर्तन?"

बुवा म्हणाले, "आत्या, माणसं येतील हो वर. पण खुर्ची? तिला आता चौघं लागतात. आणि खुर्ची नाही, तिथं कीर्तन नाही. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस विचारलं नाही."

हे वाक्य बुवांना लागलं असावं. ते म्हणाले, "बघू. आणतो."

ठरल्या दिवशी आत्यांनी दुपारपासूनच घर लखलखीत केलं. सतरंजी अंथरली, खिडकीजवळचा कोपरा खुर्चीसाठी मोकळा केला आणि दार सताड उघडं टाकून दारातच स्टूल घेऊन बसल्या. जिन्यातला आवाज त्या घरात थेट वर यायचा. खालच्या फाटकाची कडी वाजली. पावलं. टाळांच्या पिशवीची किणकिण. आत्यांनी पदर सारखा केला.

"उचल रे, उचल!" हा सुतार.

"उचललीय! तू ढकल खालून." हा गादीवाला.

"ढकलतोय तर बोंब कशाला मारतोस?"

"माझ्या बोटावर ढकलतोयस! बोंब मारू नको तर काय, आरती म्हणू?"

मग कर्रर्र असा मोठा आवाज आला, आणि पाठोपाठ शांतता. आत्यांना एक्सचेंजमधली ती शांतता आठवली, सगळ्या लाइनी एकदम बंद पडल्यावरची.

"अडकली," काकूंचा आवाज.

खुर्ची तिसऱ्या मजल्याखालच्या वळणावर अशी घट्ट बसली होती, की जणू जिना तिच्याभोवती बांधला असावा. वर जाईना. "बरं, खाली घ्या," बुवा म्हणाले. खालीही येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात. इथं ना चावत होतं, ना पळत होतं. सुतार म्हणाला तिरकी करा. तिरकी केली तर छत दिव्याच्या वायरीत गुंतलं. काकू म्हणाल्या सरळ करा. सरळ केली तर पाठीमागे गादीवाला भिंतीला चिकटला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं. तिथं दातांचे डॉक्टर राहायचे, आणि त्यांचा दवाखाना तळमजल्यावर. पेशंटला इंजेक्शन देऊन चष्मा घ्यायला म्हणून ते वर आले होते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात पकड घेऊन ते वळणावर आले, आणि समोर झालरीचं छत!

"हे काय आहे?"

"महाराजांची खुर्ची," बुवा खालून गंभीरपणे म्हणाले.

"बाजूला घ्या! खाली माणूस तोंड उघडून बसलाय माझा!"

"डॉक्टर, ती बाजूला होत असती तर आम्ही असे लोंबकळलो असतो का?" गादीवाला भिंतीला चिकटल्या चिकटल्या म्हणाला.

डॉक्टरांनी वरून जायचा प्रयत्न केला, एक पाय गादीत रुतला. खालून जायचा प्रयत्न केला, दोरी मानेत अडकली. इतक्यात तळमजल्यावरून पेशंट गालाला हात लावून जिना चढत आला आणि अर्ध्या तोंडाने ओरडला, "डॉक्टर! इंजेक्शन उतरायला लागलंय!"

त्या गोंधळात बुवांचा आवाज चढला. "थांबा सगळे. हे काही खरं नाही. महाराजांच्या मनात वर जायचं नाही. कशीबशी सोडवू आणि परत फिरू."

वर स्टुलावर आत्यांनी मोकळ्या केलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"सोडवणार कशी पण?" काकू म्हणाल्या. "काहीतरी काढावं लागेल. सुतार, तुझे हात काढ."

"माझे का? छत काढा तुमचं!"

"छत कुठं आडवं आलंय? कठड्यात तुझी मांजरं अडकलीत!"

इतकी वर्षं पोटात ठेवलेला शब्द बाहेर पडला होता.

"मांजरं?" सुतार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुणाला मांजरं म्हणता?"

"जाऊ दे रे," गादीवाला समजूत घालायला गेला. "चांगली आहेत मांजरं."

मग जो गलका उठला तो काय सांगावा! सिंह, मांजर, झालर, गादी, कुणी किती रात्री जागून काय केलं, सगळं निघालं. कुणाचं कुणाला ऐकू येईना. आणि त्या सगळ्या कालव्यावरून, वरच्या मजल्यावरून, एक स्वच्छ, करकरीत आवाज आला.

"सगळ्यांनी होल्ड करा!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"एकेकाने बोलायचं. आधी काकू. बाकीचे लाइनवर थांबा. काकू, छत कधी केलंत?"

"हे गेले त्या वर्षी," काकू हळू म्हणाल्या. "घरात शिवायला कुणाचे कपडेच नव्हते, आत्या. मशीन नुसती समोर दिसायची."

"सुतार?"

"महाराज मला म्हणाले होते, तुझ्या हातात कला आहे. परत आल्यावर दाखवायचं होतं." तो थांबला. "मला सिंह जमत नाही, ते मलाही माहीत आहे."

गादीवाल्याला विचारायची वेळच आली नाही. "त्यांची पाठ दुखायची," तो आपणहूनच म्हणाला. "तेव्हा लक्षातच आलं नाही माझ्या. गादीवाला असून!"

काकूंनी झालरीचा एक सुटलेला टाका बोटाने चाचपला.

"झालं?" आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला, पण तुटला नाही. "आता त्यांना पोचलं म्हणायचं आणि काढायचं. जे शेवटी चढलं ते आधी उतरवायचं. सुतार, हत्यारं आणलीत का?"

"कीर्तनाला येताना हत्यारं कोण आणतं, आत्या? टाळ आणलेत."

सगळ्यांची नजर डॉक्टरांच्या हातातल्या पकडीकडे गेली. "छे छे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी खाली गालाला हात लावून उभ्या असलेल्या पेशंटकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि खुर्चीपुढे गुडघे टेकले. पेशंटने एका हाताने गाल आणि दुसऱ्या हाताने विजेरी धरली. सुतार एकेक खिळा दाखवी आणि डॉक्टर तो मुळापासून हलवून हलवून अलगद उपटत. "थोडं खेचल्यासारखं वाटेल," ते सवयीने पुटपुटत होते. "दुखलं तर डावा हात वर करा." डावा हात तोवर निघून काकूंच्या मांडीवर आला होता.

छत निघालं, हात निघाले, गादी निघाली. आणि वळणावर उरली एक छोटीशी लाकडी खुर्ची. बसून बसून मधोमध किंचित खोलगट झालेली.

"एवढीशीच होती?" गादीवाला म्हणाला.

बुवांच्या हातात सोडलेली लाल दोरी तशीच होती. बांधायला सिंह उरले नव्हते.

डॉक्टर पेशंटला घेऊन खाली पळाले, आणि सुतार खुर्ची एका हातात घेऊन जिना असा चढला, जसा कुणी छत्री घेऊन चढतो. कीर्तन झालं. आत्यांनी खुर्ची कोपऱ्यात ठेवली आणि सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. सुताराच्या केसांत पांढरं आलं होतं. काकू वाळल्या होत्या. फोनवर हे कळलं नव्हतं. 'वाटच झाली घर' ही ओळ आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पत्रा नव्हता, विहीर नव्हती. मध्येच दार ढकलून डॉक्टर आले आणि मागोमाग तोंडात कापूस धरलेला पेशंट. त्याला गाता येईना, पण ताल त्याने फर्मास धरला.

संपलं तसे सगळे उठले. निघताना माणसं उगाच रेंगाळतात तसे रेंगाळले. आत्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "या हं," त्या म्हणाल्या. पुढे 'परत कधी' असं त्यांनी विचारलं नाही.

सुताराने खुर्ची उचलली आणि हातात तोलून पाहिली. "फुलासारखी आहे हो. यात माणूस बसवूनसुद्धा नेता येईल."

बोलून गेला आणि जीभ चावली. सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा दोरी बोटांभोवती गुंडाळत होते, सोडत होते.

"आत्या," ते म्हणाले, "बसा."

"मी? भलतंच काय! ती त्यांची जागा आहे."

"महाराज या खुर्चीत कधी एकटे बसलेले आठवतात तुम्हाला? कुणाचं ना कुणाचं पोर मांडीवर असायचंच. आम्हीच त्यांना एकटं बसवून ठेवलं." बुवांनी सुताराच्या हातातली खुर्ची घेऊन आत्यांपुढे ठेवली. "बसा. रस्त्यापर्यंत जाऊन येऊ."

आत्या बसल्या. बुवांनी खाली वाकून ती लाल दोरी त्यांच्या कमरेभोवती घेतली आणि पाठीमागे पक्की गाठ मारली. इतकी वर्षं कुणी बसू नये म्हणून बांधलेली दोरी आता बसलेलं पडू नये म्हणून बांधली गेली. खुर्चीचा एक पाय सुताराने धरला, एक गादीवाल्याने, एक डॉक्टरांनी आणि चौथा पेशंटने. काकू पुढे, "सावकाश रे, वळण आलं!" करत. त्या वळणावर खुर्ची अडली नाही.

खाली संध्याकाळ होत होती. फूटपाथवर खुर्ची टेकवली. समोरून माणसं जात-येत होती, सायकलची घंटी वाजली, कुणीतरी कुणाला हाक मारली. आत्या मान वळवून वळवून सगळीकडे बघत राहिल्या. ज्या आवाजांना त्या वरून ओळखायच्या, त्यांना चेहरे होते.

"आत्या, अशा कडेला काय बसलात?" काकू म्हणाल्या. "नीट मध्ये बसा ना, तिरक्या झालात."

"नीटच बसलेय," आत्या म्हणाल्या. त्यांचा हात बाजूच्या मोकळ्या फळीवर होता. "सरकून बसलेय."

तेव्हापासून दर आठवड्याला खुर्ची रिकामी वर जाते आणि भरून खाली येते. छताची झालर काकूंनी खिडकीला लावली. सिंहांची ती तोंडं डॉक्टरांच्या दवाखान्यात आहेत. लहान पेशंट त्यांना मांजरं म्हणतात आणि रडायचे थांबतात, म्हणून सुतारानेही ते आता मान्य केलं आहे.

तर मंडळी, कधी कुठल्या जिन्याने वर गेलात आणि शेवटचं दार उघडं दिसलं, तर उगाच का होईना, आत डोकावा. आणि कुठंही बसलात, तर थोडी जागा मोकळी ठेवून बसा, आणि तेव्हा आमच्या आत्यांची आठवण काढा.